कंपनी पाहण्याचा कार्यक्रम

आमच्या कर्वेनगरातल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या घटनेत वयाचा उल्लेखच नाही. ‘सोसायटीत राहणारी व सध्या कोणत्याही नोकरीत नसलेली व्यक्ती संघाची सभासद होऊ शकेल,’ एवढं एकच वाक्य आहे. ते लिहिलं आमचे अध्यक्ष रावसाहेब थोपटे यांनी. सरकारी खात्यात कालवे खणून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या हिशेबी नोकरी एकदाच लागते आणि एकदाच सुटते, तीही गळ्यात हार घालून. ऐन उमेदीत कुणी बिननोकरीचा सापडेल हे त्यांना सुचलंच नाही. या फटीतून अभिनव मेश्राम आमच्यात आला. वय वर्षं छत्तीस.

अभिनव बी विंगमध्ये राहतो. मूळचा भंडाऱ्याचा, इंजिनिअर झाला, पुण्यात आला, आयटीत लागला. बायको दीक्षा वाघोलीच्या एका कॉलेजात फार्मसी शिकवते. दोघंही पार्किंगमध्ये गाडी सरळ लावणारी, म्हणजे सोसायटीच्या दृष्टीने चारित्र्यवान. एका सकाळी त्याच्या कंपनीने व्हिडिओ कॉलवर त्याला आणि आणखी बऱ्याच जणांना सांगितलं, की कंपनी तुमची कायम ऋणी राहील, आणि लॅपटॉप शुक्रवारपर्यंत परत करा.

त्यानंतर अभिनवने स्वतःची काळजी घ्यायला सुरुवात केली. तिथे घात झाला.

पहाटे उठून थंड पाण्याची अंघोळ. मग श्वासाचं ॲप. मग कृतज्ञतेची डायरी. मग दोन ऑनलाइन कोर्स, कारण मित्र म्हणाले अपस्किल कर. मग लिंक्डइनवर एक प्रसन्न पोस्ट, कारण मेव्हणा म्हणाला दिसत राहा. संध्याकाळी पळणं, रात्री झोपेचा आलेख. झोप कमी भरली की घड्याळ मनगटावर थरथरायचं आणि याला जागं करून सांगायचं, की तुम्ही नीट झोपत नाही आहात. स्वतःला सांभाळण्याचं काम त्याने इतकं वाढवून ठेवलं की त्यापेक्षा गेलेली नोकरी आरामाची होती. वरून भंडाऱ्याहून आईचा रोज फोन. “काहून रे, आवाज काहून असा बारीक येऊन राहिला? जेवला का बरोबर?”

“जेवलो, आई.”

“मग दीक्षा काहून म्हणते नाही जेवला म्हणून?”

आमच्या संघात सोमवारी सकाळी बागेत रक्तदाब तपासतात. मशीन संघाचं, हात सभासदांचे आणि अधिकार मुक्ताबाईंचा. मुक्ताबाई नारायण पेठेतल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्यासमोर आजही कुणी पाय हलवत नाही. त्या सोमवारी अभिनव पळता पळता धाप लागली म्हणून समोर दिसलेल्या रिकाम्या खुर्चीत बसला. ती तपासणीची खुर्ची होती. मुक्ताबाईंनी वर न बघता त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

आकडा आला. मुक्ताबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच होता.

“अरे, हा रक्तदाब आहे की पिनकोड? काय करतोस तू?”

“सध्या... काही नाही.”

“हे काही न करता एवढं झालं?”

शेजारी रावसाहेब पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला. “नोकरीत नाही?”

“नाही.”

“मग नियमात बसतं. अर्ज देऊन टाका, अभिनवराव.”

अभिनवचा अभिनवराव होण्यास एवढाच वेळ लागला. पुण्यात माणसाला मान मिळायला अख्खी हयात जाते. याला तो धाप लागल्यामुळे मिळाला.

मुक्ताबाईंनी त्याला आधी डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि विश्रांती घ्या म्हणाले. विश्रांती घेण्यात आमच्या संघाचा हात धरणारा माणूस कर्वेनगरात नाही. मनगटावरचं घड्याळ काढून रावसाहेबांनी कपाटात ठेवलं. सकाळी फेऱ्या, पण बोलता येईल इतक्या गतीने. दहाला पेपर, त्यातल्या बातम्यांवर मतभेद. दुपारी झोप. संध्याकाळी बोगनवेलीपाशी कट्टा. या कट्ट्यावर कुणी कुणाला ‘पुढे काय?’ असं विचारत नाही, कारण पुढे काय ते सगळ्यांना माहीत असतं.

आणि अभिनव सुधारला, हे मान्य करायला हवं. झोपू लागला. जेवू लागला. एका सोमवारी त्याचा आकडा रावसाहेबांपेक्षा चांगला आला, त्याचा रावसाहेबांना दोन दिवस राग होता.

पण माणसाचं खातं कधी एकाच बाजूला वाढत नाही. तब्येत जमा झाली तसं वय नावे पडू लागलं. ढगाळ हवा आली की अभिनव गुडघा धरायचा. मार्चमध्ये कानटोपी. समोरच्या शाळेच्या स्पीकरविरुद्ध त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, आणि छापून आल्यावर त्याचं कात्रण लॅमिनेट करून घेतलं. बँकेत ज्येष्ठांच्या खिडकीसमोर उभा राहिला आणि बाईंनी हटकलं तेव्हा म्हणाला, “तुम्हीही एक दिवस इथे याल.”

मग एका रविवारी दीक्षा तरातरा कट्ट्यावर आली.

“काका, माझा नवरा मला परत द्या.”

“काय झालं?” रावसाहेबांनी विचारलं.

“काल तो चहात ब्रेड बुडवून खात होता. मऊ झाल्यावर. मी विचारलं तर म्हणाला, दातांचा भरवसा नाही.”

“दात कसे आहेत?”

“दात उत्तम आहेत, काका! छत्तीस वर्षांचे आहेत! आणि हे बघा.” तिने मोबाइल पुढे केला. “खराडीच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलंय. सहा महिन्यांत आलेलं हे पहिलं बोलावणं. मला सांगितलंसुद्धा नाही याने. मला मेल दिसली म्हणून कळलं.”

अभिनव बोगनवेलीकडे बघत होता. “दीक्षा, मी किती मुश्किलीने बरा झालोय. परत तिथेच जाऊ? परत रात्री अकराला अमेरिका जागी झाली म्हणून आपण उठायचं?”

“मग घरी बसायचं का? आयुष्यभर?”

“नाही, पण...”

“मी एकटी किती दिवस ओढणार आहे, सांग ना. नाही, ओढीन मी. पण तू गुडघा धरून बसलेला बघत नाही ओढणार.” तिचा आवाज चिरकला. एरवी पोरगी हसतमुख.

रावसाहेब खाकरले. “सभासदाने नोकरी धरणे हा विषय घटनेत नाही. सभा घ्यावी लागेल.”

सभा तिथेच झाली. एक गट म्हणाला जाऊ दे, दुसरा म्हणाला नको, आत्ताच कुठे बाळसं धरलंय. शेवटी मुक्ताबाईंनी काठी आपटली.

“न बघता कसं पाठवायचं? माझ्या धाकट्या नणंदेला असंच न बघता दिलं. मुलगा बँकेत आहे एवढंच विचारलं. घरात सासू कशी, जेवणं कधी होतात, आधीची सून का गेली, काही म्हणून पाहिलं नाही. सहा महिन्यांत पोर चिपाड होऊन परत आली. हा एकदा परत आलेलाच आहे. आता घर बघून द्यायचं.”

“कंपनी?” मी विचारलं.

“स्थळ ते स्थळ.”

ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्या संघात पहिल्यांदाच.

गुरुवारी दीक्षाने कॉलेजला जाता जाता आम्हाला खराडीत सोडलं. रावसाहेब कोटात, मुक्ताबाई नारायणपेठी साडीत, मी रक्तदाबाचं मशीन घेऊन, आणि मधे अभिनव, इस्त्रीच्या शर्टात, मान खाली. रिसेप्शनवर टॅबमध्ये नावं लिहायची होती. अभिनव तिथे उगाच जरा जास्त वेळ रेंगाळला. आम्हाला वाटलं लाजतोय.

एचआरची तेजस्विनी नावाची मुलगी न्यायला आली. चार माणसं पाहून गोंधळली. “आपण...?”

“आम्ही मुलाकडचे,” मुक्ताबाई म्हणाल्या.

बिचारीने हसून आत नेलं. काचेच्या खोलीत बसवलं. कागदी कपात कॉफी आली आणि सोबत चंदेरी कागदातली एक वडी.

“पोहे नाहीत?”

“काकू, हा प्रोटीन बार आहे.”

मुक्ताबाईंनी तो मोडून आम्हाला वाटला, चघळला, बराच वेळ चघळला. “कुणी केला?”

“विकत आणतो आम्ही.”

“म्हणजे करता येत नाही,” रावसाहेबांनी माझ्याकडे पाहून नोंद घेतल्यासारखं म्हटलं.

तेजस्विनीने अभिनवकडे वळून फाइल उघडली. “सर, सांगा ना स्वतःबद्दल.”

“तो सांगेल. आधी आम्ही विचारतो,” मुक्ताबाई म्हणाल्या. “या जागेवर आधी कोण होतं?”

“एक जण होते.”

“गेले?”

“म्हणजे, आहेत. पण त्यांना बर्नआउट झालं. वाईला असतात आता. शेळ्या पाळतात.”

“आणि त्यांच्या आधी?”

तेजस्विनीने कॉफीत बघितलं. “त्यांचा फोन लागत नाही.”

“तिजवर आहे हो, रावसाहेब,” मुक्ताबाई म्हणाल्या. “आपला तिसरा.”

“जेवणाची वेळ काय?” रावसाहेबांनी विचारलं.

“फ्लेक्झिबल आहे.”

“म्हणजे नाही. घरी कधी सोडता?”

“तेही फ्लेक्झिबल. खरं सांगू का काका, आमच्याकडे हायरार्की वगैरे नाही. वी आर लाइक अ फॅमिली.”

“छान,” रावसाहेब म्हणाले. “गेल्या वर्षी या फॅमिलीने किती जणांना घराबाहेर काढलं?”

पोरगी बावरली, मग उत्साहाने उठली. “आपण आमची वेलनेस रूम बघूया!”

वेलनेस रूमला कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडे असायची तो गेल्या वर्षी फॅमिलीतून गेलेला. दाराच्या काचेतून डोकावलं, तर आत जुने मॉनिटर रचलेले, आणि त्यांच्यावर एक बुद्धाचं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. अभिनवने ते पाहिलं. आणि त्याची मान पहिल्यांदा ताठ झाली, हे मी टिपलं.

परत आल्यावर मुक्ताबाई म्हणाल्या, “बाळ, हात दे.”

“कुणाचा?”

“तुझा.”

तेजस्विनीने आढेवेढे न घेता हात दिला. मला वाटतं, बऱ्याच दिवसांत तिच्याकडे कुणी इतकं सोपं काही मागितलं नव्हतं. आकडा पाहून मुक्ताबाईंनी चष्मा काढला. “झोपतेस किती?”

“फ्लेक्झिबल,” तेजस्विनी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात साहेब आले. दिग्विजय त्यांचं नाव, चाळिशीचे, उघडा लॅपटॉप ताटासारखा एका हातावर, कानात फोनची बोंडं, आणि तोंडाने कुणा तिसऱ्याशीच बोलणं चालू. खुणेनेच त्यांनी आम्हाला नमस्कार केला, खुणेनेच खुर्ची ओढली. मुक्ताबाईंनी त्यांच्या मोकळ्या हाताला पट्टा गुंडाळला. ते “येस, येस, बाय एंड ऑफ डे” म्हणत राहिले आणि पट्टा फुगत राहिला.

आकडा पाहून मुक्ताबाईंनी चष्मा काढलाच नाही. सरळ त्यांच्या कानातलं बोंड काढलं.

“अहो! क्लायंट आहे!”

“असेल. तुम्ही राहाल असं वाटत नाही. उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं. काय सांगितलं?”

“डॉक्टरकडे,” दिग्विजय म्हणाले. मुख्याध्यापिकेपुढे पद चालत नाही.

“आता दोघांनी एकांतात बोला. आम्ही बाहेर बसतो.”

बाहेर म्हणजे दारापाशीच्या सोफ्यावर. दार नीट बंद होत नव्हतं, त्यामुळे एकांत थोडा उघडा होता. ऐकू येऊ नये म्हणून मी उठून लांब जाऊ शकलो असतो, पण संघाच्या वतीने आलो होतो.

“कोण आहेत हे लोक?” दिग्विजयनी विचारलं. दंडाला पट्टा तसाच, नळी लोंबत होती.

“माझे सहकारी.”

“बरं. रोल असा आहे, डिलिव्हरी मॅनेजर. मोठी टीम, तीन टाइमझोन, तुझा अनुभव बघता...”

“मला हे नको, सर.”

“मग आलास कशाला?”

सोफ्यावर रावसाहेबांनी कोटाचं बटण धरलं.

“मला टेस्टिंग द्या. मी पहिली पाच-सहा वर्षं चुका शोधायचो. फार चांगल्या शोधायचो. म्हणून मला बढती दिली, आणि मग मी चुका करायला लागलो. चार्ट करायचे, मीटिंगच्या आधीची मीटिंग घ्यायची, कुणाला काढायचं त्याची यादी द्यायची. एक दिवस कुणीतरी माझं नाव यादीत दिलं.”

“टेस्टिंग तुझ्यापेक्षा दोन पायऱ्या खाली आहे.”

“तुमच्या रिसेप्शनवरच्या टॅबमध्ये नाव लिहून मागे गेलं, की आधी आलेल्या माणसाचा मोबाइल नंबर दिसतो. त्याच्याही मागे गेलं की त्याच्या आधीच्याचा. मी गेल्या सोमवारपर्यंत गेलो.”

मग दिग्विजय हळू आवाजात म्हणाले, “ते ॲप आम्हीच केलंय. विकतो आम्ही ते.”

“मला वाटलंच.”

“पण रिझ्युमेवर कसं दिसेल? पगारही कमी होईल. लोक म्हणतील मागे गेला.”

“रावसाहेबांनी कालवे खणले, सर. आता बोगनवेलीला झारीने पाणी घालतात. त्यांना कुणी मागे गेले म्हणत नाही. आणि संध्याकाळी सातनंतर मला फोन करायचा नाही. माझा गुडघा दुखतो.”

“गुडघ्याचा आणि फोनचा काय संबंध?”

“वय झालं की कळेल.”

दिग्विजयनी आपल्या दंडावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. तो अजून तिथे आहे हे त्यांना आत्ता कळत होतं.

निघताना तेजस्विनी सवयीने म्हणाली, “आम्ही कळवतो.”

“तुम्ही नाही,” रावसाहेब म्हणाले. “आम्ही कळवतो.”

आणि कळवलं नाही. मुलाकडच्यांनी लगेच कळवायचं नसतं. शनिवारी तेजस्विनीचा फोन आला. दिग्विजय सरांनी टेस्टिंगची जागा तयार केलीय, कधीपासून येणार? रावसाहेब म्हणाले, पत्रिका बघतोय. अभिनव ओशाळून म्हणाला, “काका, आमच्याकडे पत्रिका बघत नाहीत.” रावसाहेब म्हणाले, “कंपनीची. हे बघतायत ना.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी लेखापरीक्षणात हयात काढलेली. कंपनीचा ताळेबंद काढून बसलो होतो. मंगळ कडक होता, पण दिवाळखोरीचा योग नव्हता.

त्या आठवड्यात अभिनवची झोप पुन्हा उडाली. कट्ट्यावर यायचा, बसायचा, उठायचा. पेपरातल्या बातमीशी मतभेदसुद्धा करेना. सोमवारी आकडा थोडा वर आला तेव्हा दीक्षा घाबरली. “नको मग, काका. नको पाठवायला.”

मुक्ताबाईंनी अभिनवकडे रोखून पाहिलं. “भीती वाटते का रे?”

“नाही,” अभिनव म्हणाला. “त्यांनी दुसऱ्या कुणाला घेतलं तर?”

“मग ठीक आहे,” मुक्ताबाई म्हणाल्या आणि पट्टा सोडला. “याला हवंय. मशीनला दोन्ही सारखंच दिसतं.”

रावसाहेबांनी तिथूनच फोन लावला. “स्थळ पसंत आहे,” असं म्हणून ठेवून दिला. पलीकडे तेजस्विनीने काय म्हटलं ते कुणालाच कळलं नाही.

रविवारी निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, सगळं रीतीप्रमाणे. बॅनर ‘सेवानिवृत्तीनिमित्त’ असा छापून आला होता. छापणाऱ्याचा दोष नाही; दुसरं काही असेल असं त्याला वाटलंच नाही. रावसाहेब भाषणात म्हणाले, “अभिनवराव आज निवृत्तीतून निवृत्त होत आहेत. अवघ्या सहा महिन्यांत त्यांनी जे वार्धक्य गाठलं, ते आपल्यातल्या अनेकांना ऐंशीत जमलेलं नाही.” टाळ्या झाल्या. अभिनवने कानटोपी काढून संघाला परत केली. दीक्षा हसत होती आणि डोळे पुसत होती.

मग घटनेचा प्रश्न आला. उद्यापासून तो नोकरीत, म्हणजे सभासदत्व रद्द. कट्ट्यावर बसायचा हक्क नाही. अभिनवचा चेहरा पडला, आणि खरं सांगायचं तर रावसाहेबांचाही. पण वाक्य त्यांचंच होतं.

मुक्ताबाई नारळ-तांदूळ घेऊन उठल्या. “पोर सासरी निघाली. ओटी तरी भरू.”

“काकू, आमच्यात ओटी नसते,” दीक्षा म्हणाली.

“बरं. लाडू असतात?”

“असतात.”

मुक्ताबाईंनी अभिनवच्या लॅपटॉपच्या बॅगेची चेन उघडली आणि आत बेसनाच्या लाडवांचा डबा कोंबला. “सभासद नाही तर नाही. माहेरवाशिणीला कुठली घटना अडवते? रविवारी यायचं. आणि तिकडे कुणी त्रास दिला तर सांगायचं. गप्प बसून सोसायचं नाही.”

रावसाहेबांनी हे इतिवृत्तात घेतलं.

आता महिना होत आला. अभिनव चुका शोधतोय, त्याच्या गुडघ्याचं दुखणं कमी आहे, ब्रेड कडक खातो. परवा मात्र साडेसात वाजले तरी त्याची गाडी पार्किंगमध्ये दिसेना. रावसाहेब बोगनवेलीपाशी येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांनी फोन लावला, थेट दिग्विजयना, आणि स्पीकर चालू केला.

“आमचा मुलगा अजून आला नाही.”

“निघालाय, काका. सहालाच निघालाय. मुंढव्याला ट्रॅफिक आहे.”

“बरं. तुम्ही?”

“मी... आहे अजून ऑफिसात.” पलीकडे कुणीतरी इंग्रजीत काहीतरी मागत होतं. दिग्विजयनी आवाज खाली आणला. “काका, एक विचारू? तुमच्या त्या संघात मला येता येईल का?”

“नोकरीत आहात?”

“सध्या तरी.”

“मग नियमात बसत नाही,” रावसाहेब म्हणाले. “गेली की या.”